रत्नागिरीतून सकाळी निघून संध्याकाळी घरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन रत्नागिरीत आलात, जानेवारीत आईवडील नागपूरहून पाच दिवसांसाठी येणार, आईंचे गुडघे दुखतात, मुलगा सहा वर्षांचा, गाडी छोटी आणि रोज रात्री झोपायला घरीच यायचंय. सोबत तुम्ही बेतही दिलाय. पहिल्या दिवशी गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. दुसऱ्या दिवशी पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, विजयदुर्ग. आणि शेवटी, 'मालवण एका दिवसात होईल का?'

मालवणचं आधी सांगून टाकतो. नाही होणार. म्हणजे जाऊन याल, पण बघणार काहीच नाही. जायला चार तास, यायला चार तास, त्यात मूल दोनदा ओकणार आणि किल्ल्याची होडी पकडायला धावाधाव. मालवणला दोन रात्री काढून जा, पुढच्या वर्षी.

मी रत्नागिरीत सत्तावीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवतो. आधी ट्रॅक्स होती, मग सुमो, आता सात सीटर. तुमच्यासारखा बेत घेऊन येणारी पार्टी दर हिवाळ्यात भेटते. त्यात ठिकाणं चुकीची नसतात, हिशोब चुकीचा असतो. देशावर साठ किलोमीटर म्हणजे एक तास. इथे मध्ये खाडी येते, घाटी येते, वाडीतला अरुंद रस्ता येतो, समोरून चिऱ्याचा ट्रक येतो आणि एकाला मागे जावं लागतं. किनाऱ्याच्या रस्त्याला ताशी तीसच धरा. त्यावर माझा एकच नियम: एका दिवशी एकच दिशा, आणि त्या दिशेला दोन ठिकाणं पोटभर, तिसरं जमलं तर. निघायची वेळ किलोमीटर बघून ठरवायची नाही, ऊन आणि भरती बघून ठरवायची.

ऊन आधी. नागपूरच्या थंडीतून आलेले आईवडील स्वेटर घेऊन येतील. पहाटे अंगणात बसायला तो लागेलही, पण अकरानंतर इथे उन्हाळाच. डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा बत्तिशीला सहज टेकतो, आणि कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, तर खालूनही भाजतं. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तेव्हा पाणी शांत आणि काचेसारखं दिसतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो, लाटा उठतात, वाळू उडते. म्हणून माझा दिवस सातला सुरू होतो, साडेअकरा ते साडेतीन सावलीत आणि जेवणात जातो, आणि साडेतीननंतर पुन्हा बाहेर. सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास बुडतो, जानेवारीअखेर साडेसहाच्या आसपास. बुडाला की पंधरा-वीस मिनिटांत काळोख. तेव्हा गाडी घरापासून तासाभराच्या आत हवी.

आता भरती. याला ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्या पंधरावी धरायची, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. वीस-तीस मिनिटं इकडेतिकडे होतं, पण सहलीला एवढं पुष्कळ झालं. खलाशी याच हिशोबावर जगत आलेत.

हे सांगण्याचं कारण असं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास आलात तर संध्याकाळी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, रुंद, ओली आणि घट्ट मिळते. मुलाला पळायला जागा, आईंना चालायला कडक जमीन. भुसभुशीत वाळूत गुडघ्यांचे हाल होतात. अष्टमीच्या आसपास आलात तर संध्याकाळी पाणी वर चढलेलं असतं आणि तुम्ही उताराच्या वाळूत एक पाय वर, एक पाय खाली असे उभे. त्या दिवसांत किनारा दुपारच्या आधी उरकायचा आणि संध्याकाळ उंचावर काढायची.

गाडी पुळणीवर न्यायची नाही. हे लिहिताना हात थोडा जड होतो, कारण ते मी स्वतः केलंय. धंद्यात नवा होतो, पार्टी पुण्याची, पोरं मागे लागली म्हणून मालगुंडच्या बाजूला ट्रॅक्स खाली घातली. शंभर फूट छान गेली. वळवताना मागचं चाक बसलं. मी घाबरून रेस दिली, चाक फिरलं आणि आणखी खाली गेलं. तेवढ्यात लक्षात आलं की पाणी मघापेक्षा पंधरा पावलं पुढे आलंय. वाडीतली माणसं आली. त्यांनी आधी मला खाली उतरवलं. चारही टायरची निम्मी हवा सोडली, हाताने चाकापुढची वाळू उपसली, नारळाच्या झावळ्या आडव्या टाकल्या आणि एका म्हाताऱ्याने सांगितलं, 'रेस नको, नुसता क्लच सोड.' आठ माणसांनी ढकलली तेव्हा पाणी रिमला लागलं होतं. गाडी वाचली, पण नीट धुतली नाही आणि पुढच्या पावसाळ्यात खालचा पत्रा सडला. तुमच्या छोट्या गाडीचं पोट तर त्याहून खाली असतं.

आता दिशा.

पहिला दिवस उत्तरेला, आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. पंचवीसेक किलोमीटर. निवळीवरून मोठा रस्ता आहे तो जवळपास दुप्पट पडतो, बसवाले तिकडून जातात. तुम्ही किनाऱ्यानेच जा आणि आईंना पुढे डाव्या सीटवर बसवा: जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. आरे आणि वारे या दोन पुळणींच्या मधल्या चढावर गाडी थांबवायला जागा आहे, तिथून दोन्ही दिसतात. सकाळी साडेसातला तिथे तुम्ही आणि फारतर चार कावळे असाल. पाण्यात मात्र उतरू देऊ नका. तिथे काय किंवा पुळ्याला काय, समुद्राला आतून ओढ आहे. गुडघाभर पाण्यातला माणूस दोन लाटांत छातीभर पाण्यात जातो. दरवर्षी माणसं जातात, आणि त्यांतली बहुतेक 'मला पोहता येतं' म्हणणारी असतात.

देवळाबद्दल मी काय सांगायचं, सगळ्यांना माहीत आहे. स्वयंभू गणपती, देऊळ पश्चिमेला तोंड करून, आणि प्रदक्षिणा घालायची ती देवळामागच्या अख्ख्या डोंगराला, साधारण एक किलोमीटर. वाट बांधलेली आहे, पण चढउतार आहे. आईंना जमेल की नाही ते त्याच ठरवतील, देवाच्या कामात त्या तुमचं ऐकणार नाहीत. दिवस मात्र तुम्ही ठरवा. मंगळवार, संकष्टी, रविवार आणि नाताळ ते एक जानेवारी हे दिवस सोडा. संकष्टीला तर गंमत होते: वद्य चतुर्थी, चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला ऐन भरती. माणसं वर्षातली जास्त आणि पुळण दिवसातली सगळ्यात अरुंद.

दर्शन नऊपर्यंत आटपलं तर मालगुंड अगदी शेजारी आहे. कवी केशवसुतांचं हे जन्मगाव, त्यांचं घर आणि स्मारक नीट राखलंय. केशवसुतांचा जन्म १८६६चा. वडील मराठीचे शिक्षक होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तासभर तिथे जाणार हे धरून चाला. त्यांना घाई करू नका. मुलाला तेवढ्यात पुळ्याच्या प्राचीन कोकण प्रदर्शनात नेता येईल: जुनी वाडी, बारा बलुतेदार, मातीचे पुतळे. मोठ्यांना ते थोडं शाळकरी वाटतं, सहा वर्षांच्या मुलाला मात्र बरोबर लागू पडतं. जेवण एखाद्या घरगुती खानावळीत, आदल्या संध्याकाळी फोन करून. उकडीचे मोदक हवे असतील तर ते आदल्या दिवशी सांगावेच लागतात. ऐनवेळी मिळतो तो बहुधा सकाळचा, गार झालेला.

परतताना साडेपाचनंतर आरे-वारेने येऊ नका असं मी म्हणेन. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे बुडतो आणि तुम्ही दक्षिणेकडे येत असता, म्हणजे ऊन थेट डोळ्यांत, वर वळणं आणि मोटरसायकली. एकतर चारला निघा, नाहीतर सूर्य बुडवून मगच निघा.

दुसरा दिवस दक्षिणेला. हा माझा सगळ्यात आवडता रस्ता, आणि खरं सांगायचं तर पुळ्यापेक्षा तुमच्या वडिलांना हाच लक्षात राहील.

भाट्याचा पूल ओलांडला की गोळप, पुढे पावस, वीसेक किलोमीटर. वाटेत आंब्याच्या बागा. जानेवारीत मोहोर आलेला असतो, काच खाली केली की वास गाडीत शिरतो. पण बागेत पंप चालू दिसला, ढगासारखा फवारा उडताना दिसला, तर काच लगेच वर करा आणि पुढे जा. तुडतुड्याचं औषध असतं ते, अत्तर नव्हे. आणि झाडाखाली गाडी लावून फोटो काढत बसू नका. बागवाला काही बोलणार नाही, पण त्याचं वर्षाचं पोट त्या फांदीवर आहे, जीव वरखाली होतो त्याचा.

पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. १९७४ साली त्यांनी देह ठेवला. देऊळ सपाटीवर, स्वच्छ आणि शांत. आईंना सुखाचं जाईल, दुपारी खिचडीचा प्रसादही मिळतो. इथे मी नेहमी बघतो की म्हातारी माणसं आपोआप आवाज खाली आणतात. तासभर बसू द्या त्यांना.

पुढे पूर्णगड. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या तोंडावरचा छोटा किल्ला. चढ थोडा आहे, वर गेल्यावर अर्ध्या तासात बघून होतो. आईंना खाली गावात सावलीला बसवा, वडील आणि मुलगा जातील. मुख्य दरवाजातून आत शिरा, सरळ चालत पलीकडच्या समुद्राकडच्या दरवाजात जाऊन उभे राहा. अंधाऱ्या कमानीतून एकदम निळं पाणी अंगावर येतं. मुलगा तिथून हलणार नाही. सिंधुदुर्ग-विजयदुर्गासारखं नाव नाही याचं, म्हणून गर्दीही नाही.

नदीवरचा पूल ओलांडला की गावखडी: सुरूचं बन आणि लांब पुळण. इथे कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. गावातली माणसं रात्री फिरून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणात आणून पुरतात. पिल्लं बाहेर पडायला पन्नासेक दिवस लागतात, त्यामुळे जानेवारीत पिल्लं दिसतील अशी आशा मुलाला दाखवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला पुन्हा आणा. जाळीचं कुंपण दिसलं तर बाहेरून बघायचं, आत हात घालायचा नाही.

कशेळीला दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगळ्या वेळी बघायच्या. कनकादित्याचं देऊळ दुपारीही चालतं. सूर्याचं देऊळ कोकणात काय, महाराष्ट्रातच फार नाहीत. गावात सांगतात ती कथा अशी: गुजरातेतल्या प्रभासपाटणहून सूर्यमूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथल्या समुद्रात अडलं, मूर्ती किनाऱ्याच्या गुहेत ठेवली तेव्हाच ते हललं, आणि पुढे कनका नावाच्या स्त्रीला दृष्टान्त झाला म्हणून देव कनकादित्य. शिलाहार भोज राजाचा बाराव्या शतकातला ताम्रपटही या देवस्थानाकडे आहे. माघातल्या रथसप्तमीपासून मोठा उत्सव असतो. तुमचे दिवस त्याला लागून आले तर गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा. ती कथेतली गुहा म्हणजे देवघळी. कड्यावरून दिसते, खाली समुद्र दोन खडकांत शिरून घुमतो. कड्याच्या कडेला मुलाचा हात सोडायचा नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट कातळशिल्प. सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला हत्ती, सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी लहान चित्रं. हजारो वर्षांपूर्वीची ही कोरीव कामं आहेत. कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही आपल्या जिल्ह्यातली ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत.

पण दुपारी बाराला गेलात तर तुम्हाला तिथे काही दिसणार नाही. खरंच. सगळा कातळ एकसारखा तांबडा-काळा आणि तुम्ही डोक्यावर रुमाल धरून 'कुठाय हत्ती?' विचारणार. रेषा जेमतेम बोट-दोन बोटं खोल आहेत, त्या सावलीमुळेच दिसतात. त्यासाठी ऊन तिरकं हवं. सकाळी नऊच्या आधी किंवा चारनंतर. मागे एक निवृत्त गृहस्थ होते माझ्याबरोबर, साडेतीनला पोचलो, पाहिलं न पाहिलं करून गाडीत जाऊन बसले. मी म्हटलं, चहा पिऊन येऊ. पाच वाजता परत आलो, आणि ते पहिल्या पावलाला थबकले. सोंडेची रेघ सावलीने भरून आली होती. मग ते पाऊण तास उकिडवे बसून एकेक मासा शोधत होते, आणि शेवटी उठता उठेना म्हणून मी हात दिला. रेषा उठून दिसावी म्हणून त्यात पाणी किंवा खडू घालू नका, आणि चित्रावरून चालू नका. गाडी सोडल्यावर थोडं खडबडीत चालणं आहे, आईंना काठी असेल तर जमेल.

मग विजयदुर्ग? नको. आडिवऱ्याची महाकाली कशेळीच्या पुढेच आहे, तेवढी करा. जुनं, लाकडी कोरीवकामाचं देऊळ आहे, वीस मिनिटं लागतात. कशेळीला सूर्यास्त बघायचा मोह होईल, पण मी पार्टीला पावणेसहाला उचलतो आणि सूर्य गावखडीला बुडवतो. तेवढाच घरचा रस्ता कमी राहतो. रात्री त्या रस्त्यावर गुरं बसलेली असतात, काळ्या म्हशी तर दिव्यातही दिसत नाहीत.

तिसऱ्या दिवशी आईंना विश्रांती म्हणून शहरातच राहा, पण घरी नको. थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५च्या युद्धानंतर राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा १९१० साली तयार झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. म्हणजे नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहिला. वाड्यातून भाट्याची खाडी दिसते. बघत बसायचा म्हणतात समुद्राकडे. टिळकांचं जन्मघर, १९३१चं पतितपावन मंदिर, मत्स्यालय, यातलं वडिलांना आणि मुलाला हवं ते निवडू द्या. मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, मुलाचा प्रश्न तिथेच मिटला. संध्याकाळी रत्नदुर्ग. भगवतीच्या देवळाजवळपर्यंत गाडी जाते आणि तीन बाजूंनी समुद्र दिसतो. अष्टमीच्या आसपासची ती 'उंचावर काढायची' संध्याकाळ ती हीच.

चौथा दिवस तुमच्या यादीतल्या हेदवी-वेळणेश्वरचा. होतो, पण तो अख्खा दिवस त्यालाच द्यायचा आणि गुहागर खोडायचं. सकाळी सातला निघून थेट जयगड. तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीचं मुख ओलांडून तवसाळ. गाडीसकट बोटीत चढायचं, पंधरा मिनिटांचा प्रवास, पण मुलाच्या दृष्टीने पाच दिवसांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच असेल. हिवाळ्यात कुरव आलेले असतात, पांढरे पक्षी, बोटीमागे घिरट्या घालतात. माणसं त्यांना शेव-चिवडा टाकतात. टाकू नका. बोटीत गाडी चढवताना खलाशी सांगेल तसंच, पहिल्या गिअरमध्ये. तो 'लेफ्ट' म्हणतो तेव्हा त्याचा डावा हात बघा, तुमचा नव्हे.

जाताना किंवा येताना बोटीला वेळ असेल तर जयगडचा किल्ला रस्त्यालाच आहे. आईंसाठी वीजप्रकल्पाजवळचं जय विनायक मंदिर सपाट आणि ऐसपैस आहे. कऱ्हाटेश्वर सुंदर, समुद्राला टेकून गोड्या पाण्याचं गोमुख, पण पायऱ्या उतरून जावं लागतं, म्हणजे चढूनही यावं लागतं. तो यावेळी नको.

हेदवीला दशभुजा लक्ष्मीगणेशाचं देऊळ आणि किनाऱ्यावर बामणघळ. ही घळ म्हणजे खडकाला पडलेली अरुंद फट. भरतीची लाट आत घुसते आणि कोंडून वर उडते. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते. म्हणून हा दिवस पौर्णिमा-अमावस्येला लागून धरा: अकराच्या सुमारास उधाणाची भरती, घळ भरलेली. पावसाळ्यासारखं पाणी उडणार नाही, हिवाळ्यात समुद्र मऊ असतो, पण आवाज येतो आणि अंगावर शिंतोडे येतात. खडक शेवाळी आहेत, आईंना लांबच थांबवा. मग जेवण, आणि तीनला वेळणेश्वर, तोवर पाणी मागे सरलेलं असतं. महादेवाचं देऊळ, समोर नारळ आणि अर्धवर्तुळाकार पुळण.

बोटीची शेवटची फेरी कधी ते सकाळी उतरतानाच खलाश्याला विचारून ठेवा, आणि तिच्या आदल्या फेरीला पोचायचं धरा. मी एकदा चुकलोय. पार्टी सूर्यास्ताला 'पाचच मिनिटं' म्हणत राहिली, तवसाळला आलो तर बोट पलीकडे दिवे लावून बांधलेली. पण घाबरायचं कारण नाही: आबलोलीवरून भातगावच्या पुलाने शास्त्री ओलांडायची, जाकादेवीला यायचं, तिथून निवळी आणि रत्नागिरी. उशीर होतो, झोप येते, पण घरी पोचता. मोबाइलला मधे रेंज नसते, म्हणून ही चार नावं कागदावर लिहून ठेवा. त्या रात्री मागच्या सीटवरच्या आजींनी आबलोली ते जाकादेवी रामरक्षा म्हटली. माझ्या गाडी चालवण्यावर विश्वास नव्हता की रस्त्यावर, ते मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दम असेल तर संगमेश्वर. हातखंब्यावरून मुंबई-गोवा महामार्ग, कुठे काँक्रीट झालेलं, कुठे अजून वळवलेला रस्ता, म्हणून वेळ सैल ठेवा. पहाटे सहाला निघालात तर राजवाडीच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर थंडीत वाफ दिसते. आईंना पाय सोडून अर्धा तास बसू द्या. गुडघे बरे होतील असं मी म्हणत नाही, पण माझी आई दर हिवाळ्यात तिथे जायची आणि आठवडाभर कुरकुरायची नाही. येताना कसब्याचं कर्णेश्वर. काळ्या दगडातलं कोरीव शिवमंदिर, फार चढ नाही, आणि छत मान वर करून बघण्यासारखं. १६८९च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले ते याच कसब्यात, त्यांचं स्मारक आहे. वडिलांशी तिथे बोलायला घ्या, ते सुरू झाले की थांबवू नका. मार्लेश्वर याच बाजूला आहे आणि सगळे 'जा' म्हणतील. पायऱ्या शेकड्यांनी आहेत. मकरसंक्रांतीला तिथे मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, त्या दिवशी तर देवरुखच्या पुढे गाडी सरकत नाही.

गाडीचं म्हणाल तर टाकी रत्नागिरीतच भरा, किनाऱ्याला पंप कमी. हवा आणि स्टेपनी बघा. उतारावर ब्रेक दाबून येऊ नका, गिअरमध्ये उतरवा. समुद्रावरून आलात की संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा, पंधरा मिनिटं लागतात. नकाशा जवळची वाट दाखवून वाडीत घुसवायला लागला की काच खाली करून माणसाला विचारा. 'मोठा रस्ता कुठला?' असं विचारा, 'जवळचा कुठला?' असं नको. जवळचा सांगतील तो बैलगाडीचा असतो.

आणि वडील मासे खातात असं लिहिलंय तुम्ही, म्हणून एक. ज्या दिवशी शहरात आहात त्या दिवशी पहाटे त्यांना एकट्यांना मिरकरवाडा बंदरावर घेऊन जा. बोटी लागलेल्या असतात, लिलाव चालू असतो, बर्फ फुटत असतो, आणि बांगड्याची टोपली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नागपूरच्या माणसाचं तोंड बघण्यासारखं होतं. चपला जुन्या घाला. मासळीचं पाणी उडतं, आणि तो वास गाडीच्या मॅटमधून आठवडाभर जात नाही.